मी न्हाणीत पडले नव्हते

ये बाय, जवळ ये. दारात काय उभी राहतेस पाहुणीसारखी? आत ये, टेक. आणि आधी सांग, मघाशी ओट्यावरून उतरताना भिंतीला हात लावलास, ते मी पाहिलं नाही असं वाटलं तुला? विचारलं तर म्हणालीस, "काही नाही हो, जरा झिणझिण्या आल्या." आपल्या वयाच्या सगळ्या बायका हेच म्हणतात. मीही म्हणायचे. म्हणून तर रागावते तुला.

माझा खुबा मोडला होता. त्यात रॉड घातला, आणि मग हॉस्पिटलच्या म्हाताऱ्या माणसांच्या विभागात राहून मी पुन्हा चालायला शिकले. ते सगळं लिहितेय. मी शाळेत गेले नाही. मासळी बांधायच्या कागदांवरून अक्षरं शिकले, त्यामुळे बोलते तसंच लिहिणार. चुकलं तर सांभाळून घे. आणि हेही आधीच सांगते, की ह्यात दुखण्याचा भाग थोडा आहे आणि माझ्या तोंडाचा जास्त.

*पडले ती जागा*

मी धाकट्या डहाणूची, मथुरा. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा महेश, त्याची स्वतःची बोट आहे. सून कविता, ती मासळी विकते. आधी मी विकायची. डहाणूच्या बाजारात माझ्या सासूची जागा होती, ती मला मिळाली.

महेशनं बोट घेतली त्या वर्षी नारळी पुनवेला सगळ्या आळीसमोर त्यानं माझ्या डोक्यावरची पाटी उतरवली. म्हणाला, "आता माझी आये बाजारात बसणार नाही. खूप बसली. आता तिनं बसून खायचं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला रडू आलं. खरं सांगू, निम्मं रडू आनंदाचं होतं. बाकीचं, उद्या उठून करू काय, ह्याचं होतं.

मग आम्ही सासूसुनेनं मार्ग काढला. महेशची बोट बाहेर गेली, की कविता बंदरावर मासळी घ्यायला जायची आणि मी बाजारात जाऊन जागा धरायची. दुपारी दोघी मिळून वलांडीवर बोंबील घालायचो. वलांडी म्हणजे बांबू रोवून त्याला बांधलेल्या दोऱ्या. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. बोट परतायची वेळ झाली, की मी हात धुऊन खुर्चीत. आळीतल्या बायकांना सगळं माहीत होतं, पण एकीनं तोंड उघडलं नाही. बायकांचं बायकांत राहतं आमच्याकडे.

त्या दिवशी वरच्या दोरीला हात पुरेना. कविता म्हणाली, "आई, राहू द्या, मी घालते." मी ऐकते होय! टोपली उलटी घातली आणि चढले तिच्यावर. ह्या वयात. टोपली दबली, मी कुशीवर पडले, आणि आतून असा आवाज आला, वाळलेली काटकी मोडावी तसा.

कविता धावत आली. तेव्हा माझ्या तोंडातून पहिलं काय निघालं असेल? "आई गं" नाही. मी म्हणाले, "महेशला सांगू नको मी इथं होते. सांग, न्हाणीत पडले."

गाडी येईपर्यंत त्या पोरीनं काय केलं, सांगू? बादली आणून माझे हात साबणानं घासले. वास येऊ नये म्हणून. पाय मोडून पडलेला, आणि आम्ही हात धुतोय.

*निळी लादी*

महेश तिसऱ्या दिवशी आला. तोवर ऑपरेशन झालं होतं. तो कॉटजवळ बसला, माझा हात धरला. मग म्हणाला, "माझ्या लादीनं पाडलं तुला."

आमची न्हाणी त्यानंच नवी केली होती. वापीहून निळी चकचकीत लादी आणली होती. पाय ठेवला की तोंड दिसावं अशी. आळीतल्या बाया मुद्दाम बघायला आल्या होत्या.

मी म्हणाले, "अरे, लादीचं काय त्यात." एवढंच म्हणाले. पुढचं वाक्य घशात आलं होतं. ते गिळलं.

दुसऱ्या दिवशी तो आला तो हाताला फडकं बांधून. मी कविताकडे पाहिलं, तर ती खिडकीबाहेर बघायला लागली. नंतर तिनं सांगितलं. त्यानं घरी जाऊन छिन्नी-हातोडीनं सगळी लादी फोडली होती, हात कापून घेतला होता. खाली खरखरीत कोबा केला, भिंतीला धरायला स्टीलचे दांडे बसवले. "फोडताना रडत होते," कविता म्हणाली. "आई, मी सांगू का त्यांना?"

मी म्हणाले, "आता कशाला? फोडली ना? आता सांगून लादी चिकटणार आहे?"

बघ, खोटं बोललेलं माणूस किती शहाणं बोलतं.

*शेजारची कॉट*

हाडाच्या वॉर्डमधून मला म्हाताऱ्यांच्या विभागात हलवलं. मला वाटलं, बरं होणाऱ्यातली नाही म्हणून इकडे टाकलं. पहिली रात्र मी नुसती छताकडे पाहत पडले होते. तसं नसतं हं, बाय. तिथं पाठवतात ते उठवायला. सकाळी चहाच्या आधी नर्स पांघरूण ओढायची. "चला आजी, पाय खाली सोडा." वेणी आपली आपण घालायची, जेवायला खुर्चीत बसायचं, मग थेरपीच्या खोलीत दोन दांड्यांमधून चालायचं. दुखायचं, हो. मी शिव्या दिल्या त्या पोरीला, आमच्या बंदरावरच्या. ती हसायची. म्हणायची, "शिवी देताना पाय छान उचलता तुम्ही, अजून एक द्या." तिला आम्ही सगळे थेरपीताई म्हणायचो.

डोकं ठिकाणावर आहे का, तेही बघतात. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, आज तारीख काय?" मी म्हणाले, "सप्तमी. उद्यापासून भांगाचं पाणी, भरतीला जोर नाही, डोलीच्या जाळ्यात काही लागायचं नाही." ते माझ्याकडे बघत राहिले. शेजारच्या कॉटवरच्या बाईला विचारलं, वार कोणता. ती म्हणाली, "आमच्या बाजाराच्या आदला." डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि आम्ही दोघी अशा हसलो, की माझे टाके ताणले.

ती लखमी. तळासरीकडच्या एका पाड्यावरची. माझ्याच वयाची, हडकुळी, हसली की सगळं तोंड उघडायची, दात दोनचारच. तिचाही खुबा, तिलाही रॉड. घरच्यांशी आपल्या बोलीत बोलायची, माझ्याशी बाजारची मराठी. मी तिला सुकटीच्या गोष्टी सांगायची, ती मला मोहाच्या. दुपारी दोघी व्हरांड्यात खुर्च्या लावून बसायचो. मला बहीण नाही. त्या व्हरांड्यात वाटलं, बहीण असती तर अशीच असती.

आणि ह्याच बाईचं मी वाटोळं केलं.

*खरं बोलू नकोस*

घरी सोडायच्या आधी तिथं सगळे एकत्र बसतात. डॉक्टर, नर्स, थेरपीताई, आपण आणि आपल्या घरचं माणूस. विचारतात, आधी काय काय करत होता? पाणी कुठून आणता? संडास कुठं? जेवायला खाली बसता का? त्यावरून ठरवतात, कशासाठी तयार करायचं. कोणाला जिना चढायला शिकवतात, कोणाला चुलीपुढं बसून उठायला. एका म्हाताऱ्याला तर बैल बांधायची दोरी हातात देऊन चालवलं मी पाहिलंय.

माझी पाळी आली. महेश छाती काढून म्हणाला, "आमची आई काहीच करत नाही. आम्ही पाण्याचा तांब्या उचलू देत नाही तिला." थेरपीताईनं माझ्याकडे पाहिलं. "खरं ना, आजी?" मी मान हलवली. कविताकडे पाहिलं, तिनंही हलवली. झालं. मला खोलीतून न्हाणीपर्यंत आणि न्हाणीतून खुर्चीपर्यंत जायला तयार केलं. वॉकर दिला. घरी न्हाणीतले दांडे कसे धरायचे ते शिकवलं. तेच दांडे, माझ्या खोट्यावर बसवलेले.

दुसऱ्या दिवशी लखमीची पाळी. आदल्या संध्याकाळी ती म्हणाली, "मथुराबाय, माना काय विचारतील?" माना म्हणजे मला.

मी विचारलं, "तू पडलीस कशी?"

"लाकडाची मोळी घेऊन उतारावरून येत होते. पाय सटकला."

"बाई, हे नको सांगू! तुझ्या मुलाला काय बोलतील ते! म्हातारीला लाकडं आणायला लावतो म्हणतील. सांग, उंबऱ्याला अडखळले. सांग, मी घरातच बसून असते."

"पण मी तर बसत नाही."

"अगं, म्हणायचं असतं तसं. मोठ्या माणसांत असंच बोलतात."

तिनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "तू शिकलेली आहेस. तुला कलतं."

मी शिकलेली! मासळीच्या कागदावर!

तिनं सांगितलं ते तसंच. उंबरा, घरातच बसून, सगळं. मुलगा बिचारा काय बोलणार, तोही गप्प. तिलाही वॉकर मिळाला आणि सपाट फरशीवरचा सराव.

आता एक सांगते, ते सांगताना मला अजून खाली बघावं लागतं. त्या वॉर्डच्या मागे चिकूच्या झाडांखाली एक वाट केली होती. मुद्दाम खडबडीत. दगड, वाळू, थोडा चढ, थोडा उतार. गावाकडच्या माणसांना काठी घेऊन त्यावरून चालवायचे. लखमी व्हरांड्यातून रोज ती वाट बघायची. एक दिवस थेरपीताई जवळून गेली तेव्हा लखमी अर्धी उठली, म्हणाली, "ताई, माना पण त्या वाटेवर..." आणि मी तिचा हात दाबला. खाली, पदराआड. कोणाला दिसलं नाही. ती गप्प झाली, बसली.

थेरपीताईनं विचारलं, "काय म्हणत होता, आजी?"

"काही नाही," लखमी म्हणाली.

*घरी*

घरी आले. आळी बघायला आली. नारळ फुटले, पेढे वाटले. महेशनं मला न्हाणीत नेऊन दांडे दाखवले. "धर बघ. हालतो का?" मी धरला. "नाही हालत, बाबा." तो केवढा खूश. मला तो दांडा तापलेल्या तव्यासारखा लागला.

आणि मग काय, खुर्ची. आमचं सगळं घर जमिनीवर चालतं. मासळी निवडायची खाली, कापायची खाली, जेवायचं खाली, गप्पा खाली. मी वर एकटी, देव्हाऱ्यातल्या देवासारखी. कविता पहाटे बंदरावर जायची, तिथून धावत बाजारात. तोवर जागा कोणी बळकावलेली असायची, मग भांडण. दुपारी एकटीच वलांडीवर, संध्याकाळी स्वयंपाक, त्यात माझं औषधपाणी. तिची बोटं काट्यांनी भोकं पडून सुजली. एकदा जेवताना तिला घास उचलवेना. महेश म्हणाला, "काय गो, आधी तर एवढी दमत नव्हतीस?"

ती म्हणाली, "वय झालं माझं."

ती चाळिशीची पण नाही, बाय. माझं खोटं ती आपल्या अंगावर घेत होती, आणि माझ्यासमोर बसून घेत होती. मी माझ्या ताटातला भात चिवडत राहिले.

सून म्हणून ती कशी सांगणार, की म्हातारीच्या कामाशिवाय माझं भागत नाही? लोक तिलाच नावं ठेवतील. मुलगा कसा विचारणार? त्यानं तर आळीसमोर पाटी उतरवलेली. सगळे एकमेकांचा मान राखत बसलो होतो, आणि त्या मानाखाली कविता चेंगरत होती.

*तोंड उघडलं*

तपासणीला गेलो. हाड जुळलंय, डॉक्टर म्हणाले. मग थेरपीताई. तिनं मला चालवून पाहिलं, पाय वाकवून पाहिला आणि विचारलं, "काय आजी, न्हाणीत जमतं ना सगळं?"

एवढंच विचारलं तिनं. आणि कविता तोंडाला पदर लावून रडायला लागली. थांबेचना. महेश घाबरला. "काय झालं? आयेला काय झालंय का? काय लपवताय तुम्ही?"

मी म्हणाले, "मी न्हाणीत पडले नव्हते."

मग एका दमात सगळं सांगितलं. बाजार, वलांडी, उलटी टोपली, साबणानं धुतलेले हात. महेशकडे बघायची हिंमत नव्हती, म्हणून थेरपीताईच्या बुटांकडे बघत सांगितलं. पांढरे बूट, निळ्या नाड्या. अजून डोळ्यांपुढे आहेत.

 मग महेश म्हणाला, "म्हणजे लादी मी उगाच फोडली?"

थेरपीताईला हसू आलं, तिनं खोकल्यासारखं केलं. महेश हसला नाही. उठून बाहेर गेला.

ताई म्हणाली, "आजी, मी तुम्हाला न्हाणीपर्यंत चालवलं. तुम्हाला जायचं होतं बाजारात. आधी बोलला असता तर तेव्हाच सुरू केलं असतं की." रागावली नाही, पण मला ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. मग तिनं विचारलं, मासळी कापताना कशी बसता, किती वेळ, पाटी कुठून कुठं नेता. चवड्यावर उकिडवं बसायला डॉक्टरांनी नाही म्हटलं, ते पुन्हा कधी जमायचं नाही. त्या दिवशी घरी जाऊन मी त्यासाठी रडले, पायासाठी रडले नव्हते एवढी. पण ताई म्हणाली, "तुम्हाला खाली जाता येत नाही ना, मग मासळी वर आणू." मासळीच्या प्लास्टिकच्या क्रेटवर बसून उठायचं, हातात वजन घेऊन चालायचं, उभं राहून वळायचं, हे सगळं पुन्हा शिकवलं. त्यासाठी पुढं पुष्कळ वेळा गेले. कविताबरोबर, कधी बोर्डीहून येणाऱ्या बसनं, कधी रिक्षानं.

महेश बरेच दिवस माझ्याशी बोलला नाही. जेवण वाढलं की जेवायचा, बोटीवर जायचा. मी विचारलं, "रागावलास?" तर म्हणाला, "नाही." ह्या 'नाही'चा अर्थ मला कळतो, मीच शिकवलाय त्याला. मग एकदा मी बाहेर आले, तर ओसरीत तो बोटीच्या जुन्या फळ्या ठोकत बसलेला. कमरेएवढं उंच टेबल करत होता, आणि त्याच्या कडेला माझी विळी स्क्रूनं घट्ट बसवलेली. मान वर न करता म्हणाला, "हालते का बघ."

मी विळीला हात लावला. म्हणाले, "नाही हालत, बाबा."

ह्या खेपेला खरं बोलले.

*पाटलीण*

आता मी बाजारात बसते. रोज नाही, जमेल तसं. महेशनं माळ्यावरची पाटी स्वतः काढून दिली, पण डोक्यावर घ्यायची नाही ह्या बोलीवर. कविताची जागा मी धरते, तिची बोटं बरी झाली. मी दोन क्रेट एकावर एक उलटे घालून बसते, बाकी सगळ्या ओळीनं खाली. पहिल्या दिवशी काय टोमणे पडले, विचारू नको.

"आली गो पाटलीण! खुर्ची पण घेऊन आली!"

"मथुरे, तिथून गुजरात दिसतं काय?"

"खालच्या मासळीला भाव सांग जरा, देवी!"

मी म्हणाले, "दिसतं गुजरात. तुझा जावई उमरगावला बिडी ओढत बसलाय तेही दिसतं." मग सगळ्या आपापल्या मासळीवर पाणी शिंपडायला लागल्या. थोड्या वेळानं एक गुजराती गिऱ्हाईक आलं. म्हणालं, "मासी, बुमला ताजा छे के?" बुमला म्हणजे आपले बोंबील. आणि थेट माझ्याकडे, कारण वाकायला नको. त्यानंतर त्या टोमणे मारणाऱ्यांतल्याच दोघी मला हळूच विचारून गेल्या, की क्रेट गुडघ्यालाही चालतो का. त्यांना मी त्या हॉस्पिटलात पाठवलं. जाताना बजावलं, विचारतील ते सगळं खरं सांगा, मुलाची लाज मध्ये आणू नका. तुलाही तेच सांगते. तू घरात काय करतेस, कुठं बसतेस, काय उचलतेस, कुठं पडलीस. ती माणसं तुझ्या मुलाचा न्याय करायला बसलेली नसतात. तुझा पाय कुठं टेकणार आहे, तेवढंच त्यांना हवं असतं.

*लखमीचा वॉकर*

माझं सुरळीत झालं आणि मग मला जेवण जाईना. थेरपीताईला जाऊन सांगितलं, "माझ्या शेजारच्या कॉटवरची लखमी पण खोटं बोललीय. मी बोलायला लावलं." ती एकदम गंभीर झाली. म्हणाली, "मग त्यांना आणा, आजी. बसून राहिल्या तर पायातली ताकद जाईल, नंतर मला काही करता येणार नाही. सोमवारी आणा."

मी आणि कविता तळासरीची बस धरून गेलो. पुढे रिक्षा जाईल तिथवर रिक्षा, मग कविताचा हात आणि माझी काठी. पाड्याची वाट म्हणजे काय, नुसते दगड आणि उतार. त्या हॉस्पिटलच्या मागच्या वाटेसारखी. हुबेहूब. चालता चालता माझ्या मनात तेच. तिला इथंच राहायचं होतं आणि मी तिचा हात दाबला.

लखमी दारात बसली होती. नुसती बसलेली. अंगणात तिचा वॉकर उभा, त्याच्या दांड्यावर दोन कोंबड्या. त्याचे पाय मातीत रुतलेले. तिच्या पिंडऱ्या बघितल्या, अगदी बारीक झाल्या होत्या.

मला बघून ती हसली, ते दोनचार दात दाखवून. "मथुराबाय! तू तर चालत आलीस!"

ती मला शिव्या देईल, ह्या तयारीनं मी गेले होते. तिनं कविताला पाणी दिलं नातीकडून, मला विचारलं, बोंबील कसे आहेत औंदा. मी म्हणाले, "लखमी, माझं चुकलं. मी तुला खोटं बोलायला लावलं."

"असूं दे. तू चांगल्यासाठीच बोलली."

"चांगल्यासाठी नाही गं. मी स्वतः खोटं बोलले होते ना, मला सोबत हवी होती."

हे मलाही तोवर माहीत नव्हतं. बोलले तेव्हा कळलं.

ती कोंबड्यांकडे बघत राहिली. मी म्हणाले, "सोमवारी चल. ती वाट आहे ना चिकूखालची, त्यावर चालवतील तुला."

"आता काय तोंड दाखवू? तेव्हा एक सांगितलं, आता एक. म्हणतील, म्हातारी डोसी खोटारडी."

"खोटारडी मी. मी सांगून आलेय त्यांना."

"मुलाला बोलतील."

"नाही बोलत गं. माझ्या मुलाला बोलले का?"

"बघू," ती म्हणाली.

आपल्याकडे 'बघू' म्हणजे काय ते तुलाही माहीत आहे. परत येताना बसमध्ये कविता म्हणाली, "आई, येतील त्या." मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं, आणि तिनं ठेवू दिलं.

तो सोमवार गेला. लखमी आली नाही.

*लखमी, ऐक*

आता हे शेवटचं लखमीसाठी, बाय. तू ऐकलंस तरी चालेल. तिची नात कोसबाडला शिकते, तिच्या हाती हे कागद धाडतेय, ती वाचून दाखवील.

लखमी, तू मला माफ केलंस म्हणून माझं भागत नाही. तू दारात बसून माफ करतेस आणि मी बाजारात बसून घेते, हे कसं पचेल मला? मी चालत आले ह्याचा तुला आनंद झाला. तुझ्या जागी मी असते तर मला झाला नसता, खरं सांगते.

थेरपीताई दर सोमवारी बाहेरून येणाऱ्यांना बघते. मी विचारून ठेवलंय. तुझ्या मुलाला यायला जमत नसेल तर महेश येईल रिक्षा घेऊन, जिथवर रस्ता आहे तिथवर. त्यापुढे तो तुला पाठीवर घेईल, त्यानं स्वतः म्हटलंय. तू रविवारीच ये. रात्री आमच्याकडे राहा. आमच्या न्हाणीत घाबरायचं नाही, तिथं आता पाय घसरूच शकत नाही, एवढा खरखरीत कोबा आहे. दोन्ही बाजूंनी दांडे आहेत. धर, हालत नाहीत.

माझ्या क्रेटशेजारी तुझ्यासाठी दोन क्रेट उलटे घालून ठेवलेत. बाया विचारतात, हे कोणाचे? मी सांगते, माझ्या बहिणीचे. तू तुझी मोहाची फुलं घेऊन बस, नाहीतर रिकामी बस, गिऱ्हाइकांना हस. ती वाट चालून झाली की तुला तुझी मोळी आणायला मी मुळीच अडवणार नाही.

येताना वॉकर आण गं. कोंबड्यांना दुसरं काहीतरी बघ. आणि 'बघू' म्हणू नकोस, लखमी. रविवारी ये.